एकोणीस भागांचा खांब

गृहकर्ज घेऊन बांधलेल्या नव्या बंगल्यांच्या दर्शनी भागी हल्ली खांबांची जोडी हमखास आढळते. माथ्यावर पानाफुलांचे नक्षीदार शीर्ष, खाली जाडजूड दंड. घरमालकाने त्यासाठी पदरचे पैसे मोजलेले असतात. तरीही पाहणाऱ्यास काहीतरी खटकत राहते. बहुधा शीर्ष एका शैलीचे असते आणि जाडी दुसऱ्या शैलीची!

युरोपच्या अभिजात वास्तुकलेत खांब ही केवळ शोभेची वस्तू नव्हे, ती मापाची पद्धत आहे. टस्कन, डोरिक, आयोनिक, कॉरिंथियन आणि कंपोझिट या तिच्या पाच स्तंभशैली. इटलीतील व्हिन्योला या वास्तुविशारदाने १५६२ मध्ये आपल्या ग्रंथात त्यांचे जे गणित मांडले, ते इतके सुटसुटीत होते की पुढे कित्येक पिढ्यांचे विद्यार्थी त्यावरच हात बसवीत आले.

हे गणित कागदावर करून पाहण्याजोगे आहे. १९ सेंटिमीटर उंचीची एक उभी रेषा काढावी. तिचे खालचे ४ भाग बैठकीचे, मधले १२ खांबाचे आणि वरचे ३ खांबांनी पेललेल्या आडव्या पट्ट्याचे. हे प्रमाण पाचही शैलींत तेच राहते. बदलते ती जाडी. खांबाची उंची टस्कनमध्ये तळाच्या व्यासाच्या ७ पट, डोरिकमध्ये ८ पट, आयोनिकमध्ये ९ पट आणि उरलेल्या दोहोंत १० पट असते. म्हणजे १२ सेंटिमीटरचा डोरिक खांब तळाशी दीड सेंटिमीटर जाड, तर कॉरिंथियन केवळ १.२ सेंटिमीटर. कॉरिंथियनची नाजूक पाने डोरिक जाडीवर का शोभत नाहीत, याचा उलगडा येथे होतो.

खरी कसोटी पुढे आहे. खांबाच्या कडा सरळ नसतात. खालचा एक तृतीयांश भाग उभा सरळ जातो आणि तेथून वर खांब हळूहळू निमुळता होत माथ्याशी सुमारे पाच षष्ठांश उरतो. ही वक्ररेषा अंदाजाने ओढली की खांब पोट सुटल्यासारखा दिसतो. म्हणून एक तृतीयांश उंचीवर अर्धवर्तुळ काढतात. माथ्याच्या कडेपासून खाली सोडलेली रेषा त्यास जेथे छेदते, तेथपासून वर्तुळाच्या टोकापर्यंतच्या कंसाचे समान भाग पाडतात. वरच्या उंचीचेही तेवढेच भाग करतात आणि त्या त्या पातळीवर मिळालेले बिंदू लवचिक पट्टीने जोडतात. संगणकावर हा खांब आज क्षणार्धात उमटतो, पण एकदा हाताने काढल्याशिवाय तो नजरेत ठरत नाही.

मात्र हे नियम म्हणजे कायदा नव्हे. अथेन्सच्या पार्थेनॉनचे डोरिक खांब उंचीने व्यासाच्या जेमतेम साडेपाच पट आहेत आणि त्यांना तळाशी वेगळे पीठही नाही. या ग्रीक डोरिकचा आपल्याकडील ठळक नमुना म्हणजे एशियाटिक सोसायटीचे घर असलेला मुंबईचा टाऊन हॉल. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूचे खांब इंग्लंडहून जहाजाने आणविले होते. तीस पायऱ्या चढून त्या आठ खांबांपाशी उभे राहिले की कागदावरच्या प्रमाणाचे वजन कळते.

त्याच मुंबईत, सर ज. जी. कलाशाळेच्या वास्तुकला विभागात, या शिक्षणाला वेगळे वळण मिळाले. १९२३ ते १९४३ या काळात विभागाचे नेतृत्व करणारे क्लॉड बॅटले यांनी विद्यार्थ्यांना भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मापे घेण्यास लावले. त्यांच्या १९३४ च्या ग्रंथात अशी मोजून काढलेली रेखाचित्रे आहेत. परदेशी खांबांनी शिकविलेली शिस्त अशी आपल्या मंडपांपर्यंत आणि वाड्यांपर्यंत पोहोचली. बॅटले यांचे मोठेपण, मुंबई सेंट्रल स्थानकाहूनही अधिक, या गोष्टीत आहे.

रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या मराठी वस्तीतील मुलामुलींना हा अभ्यास करण्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. तात्यापारा चौकातून जाणाऱ्या जी. ई. रस्त्यावरच पुढे राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान आहे आणि तेथे वास्तुकलेची पदवी घेता येते. सरावाला तर त्याहूनही जवळची जागा पुरते. आजोबांच्या वेळचा लाकडी खांब घरात, ओळखीच्या वाड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात अजून उभा असेल, तर तो उतरविला जाण्यापूर्वी मोजून घ्यावा. दगडी तळखडा, त्यावरचा दंड, माथ्याचे हस्त आणि तुळई यांची उंची निरनिराळी टिपावी. दंडाच्या बुडाशी दोरी गुंडाळून घेर मोजावा, त्यास ३.१४ ने भागून व्यास काढावा आणि दंडाच्या उंचीला त्या व्यासाने भागावे. येणारा आकडा व्हिन्योलाच्या कोष्टकात बसणार नाही. तो वहीत खांबाच्या चित्राशेजारी, तारीख घालून लिहून ठेवावा.