डोंगर बोलतो, पण सरळ बोलत नाही

फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरचा पिनातुबो ज्वालामुखी सुमारे पाचशे वर्षं गप्प होता. उतारावर आएता आदिवासींची वस्ती, पायथ्याशी अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ. २ एप्रिल १९९१ला डोंगराच्या कुशीत दीड किलोमीटर लांब भेगेतून वाफ आणि राख उसळली. भूकंपमापक बसवले गेले ते त्यानंतर.

शिलारस वर सरकताना खडक फोडतो, म्हणून बारीक धक्के बसतात. वाट न मिळता तो साचला, की जमीन फुगते. वर दाब कमी झाला, की त्यात विरघळलेले वायू सुटू लागतात; म्हणून सल्फर डायऑक्साइड रोज मोजायचा. मेच्या मध्याला तो दिवसाला सुमारे ५०० टन होता, २८ मेला ५,००० टनांवर गेला आणि आठवडाभरात ३०० टनांच्या खाली आला. आपल्याला वाटेल, सुटलो! तिथल्या शास्त्रज्ञांच्या पोटात मात्र गोळा आला. वाफ कोंडलेली असताना कुकरची शिट्टी अडकावी, तसा हा प्रकार. धक्के तर थांबलेच नव्हते.

मोजणाऱ्यांमध्ये स्थानिक शास्त्रज्ञांबरोबर अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं पथक होतं. ते १९८६मध्ये उभं राहिलं, तेही कोलंबियातल्या आर्मेरो गावाच्या शोकांतिकेमुळे. तिथला नेवादो देल रुईस ज्वालामुखी वर्षभर कुरकुरत होता. कुठे धोका आहे याचा नकाशा ऑक्टोबर १९८५मध्येच तयार होता आणि त्यात आर्मेरो होतं. १३ नोव्हेंबरच्या रात्री तुलनेने छोट्या उद्रेकाने शिखरावरचा बर्फ वितळला. चिखलाचा लोंढा गावात पोहोचायला दोन तासांहून जास्त लागले. एवढ्या वेळात माणसं टेकडीवर चढली असती. एकट्या आर्मेरोत वीस हजारांहून अधिक माणसं गेली. याला निसर्गाचा कोप म्हणणं मला पटत नाही.

पिनातुबोला लोकांना धोका पटवण्यासाठी मोरिस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्याची चित्रफीत दाखवली गेली. ते दोघे ३ जूनला जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर मरण पावले. १० जूनला क्लार्क तळावरून जवळपास पंधरा हजार माणसं हलवली. १५ जूनला डोंगर फुटला, त्याच दिवशी वादळही आलं. पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरं कोसळली. त्या दिवसातले बहुतेक बळी या छपरांचेच. उद्रेकाच्या थेट तडाख्यातून मात्र हजारो वाचले.

दर वेळी इतका अवधी मिळत नाही. जपानच्या ओंताके ज्वालामुखीवर २७ सप्टेंबर २०१४ला खोलातलं पाणीच वाफ होऊन फुटलं. सलग थरथर जेमतेम अकरा मिनिटं आधी सुरू झाली. शनिवारची दुपार, शिखरावर गिर्यारोहकांची गर्दी. बेपत्ता धरून ६३ जण गेले.

उलट, इटलीत नेपल्सजवळचं, ज्वालामुखीवरच वसलेलं पोत्सुओली शहर १९८२ ते १९८४ या काळात सुमारे १.८ मीटर वर उचललं गेलं. हजारो लोकांना घरं सोडावी लागली आणि उद्रेक झालाच नाही. अशा हुकलेल्या इशाऱ्याची किंमत पुढचा इशारा देणाऱ्याला मोजावी लागते. २००५पासून तिथली जमीन पुन्हा वर येते आहे. मे २०२४मध्ये ४.४ तीव्रतेच्या धक्क्यानंतर काही घरं रिकामी करावी लागली. इशाऱ्याचा रंग २०१२पासून होता तो पिवळाच राहिला.