पश्चात्ताप आणि आज्ञापालन

ख्रिस्ती जीवनांत पश्चात्ताप हा शब्द आपण इतक्या वेळां ऐकतों कीं, त्याचा अर्थ आपणांस ठाऊकच आहे असें प्रत्येकास वाटतें. हातून पाप घडलें, मन खंतावलें, डोळ्यांत पाणी आलें, म्हणजे पश्चात्ताप झाला, अशी सामान्य समजूत आहे. मराठी शब्दाची घडणहि या समजुतीस पोषक आहे. पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे जळणें. मागाहून होणारी मनाची जळजळ तो पश्चात्ताप. परंतु पवित्र शास्त्राच्या मूळ भाषांकडे वळलें म्हणजे याहून व्यापक अर्थ हातीं येतो.

जुन्या करारांतील संदेष्टे ज्या इब्री धातूचा वारंवार उपयोग करितात तो 'शूब' होय. त्याचा साधा अर्थ मागें फिरणें, परत येणें. नव्या करारांतील ग्रीक शब्द 'मेटानोइया'. त्याचा अर्थ मन पालटणें, विचारांची दिशा बदलणें. या दोन्ही शब्दांत दुःखाला स्थान आहे, पण दुःखापाशीं ते थांबत नाहींत. वाट चुकल्याचें कळल्यावर जो प्रवासी रस्त्याच्या कडेला बसून नुसता रडतो, तो घरीं पोहोंचत नाहीं. त्यानें उठून पावलें वळविलीं पाहिजेत.

या अर्थाचा मागोवा ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांतहि घेतां येतो. लॅटिन शास्त्रांत या ग्रीक शब्दासाठीं जी योजना झाली, तिचा अर्थ 'प्रायश्चित्त करा' असा घेतां येत असे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेनें, जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसानें वर्षांतून निदान एकदां धर्मगुरूपाशीं पापांची कबुली द्यावी, असा नियम घातला. पुढें १५१६ सालीं इरॅस्मसनें ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला आणि विद्वानांचें लक्ष मूळ शब्दाकडे वळलें. १५१७ सालीं मार्टिन ल्यूथरनें जीं ९५ विधानें मांडलीं, त्यांतील पहिलेंच विधान पश्चात्तापाविषयीं आहे. पश्चात्तापानें भक्ताचें सारें आयुष्य व्यापावें, असा त्याचा आशय. रोमन कॅथलिक मंडळींत प्रायश्चित्ताचा संस्कार आजहि आहे, व त्यांत मनापासूनचें दुःख, पापाची कबुली आणि भरपाई हीं तीन अंगें सांगितलीं आहेत. या दोन परंपरांत मतभेद पुष्कळ असले तरी, केवळ हळहळ पुरेशी नाहीं हें दोहोंनाहि मान्य आहे.

शुभवर्तमानांत दोन शिष्यांची कथा शेजारीं शेजारीं आली आहे. यहूदानें प्रभूस धरून दिलें व पेत्रानें त्याला तीनदां नाकारलें. दुःख दोघांनाहि झालें. यहूदानें तर आपला दोष बोलून दाखविला आणि चांदीचीं तीस नाणींहि परत केलीं. पण तो ज्याचा अपराधी होता त्याच्याकडे परत गेला नाहीं. निराशेंत त्यानें स्वतःचा अंत केला. पेत्र रडला, आणि पुढें गालील समुद्राच्या कांठीं प्रभूसमोर उभा राहिला. तेथें प्रभूनें त्याच्या प्रीतीविषयीं तीनदां विचारलें आणि तिन्ही वेळां आपलीं मेंढरें त्याच्या स्वाधीन केलीं. क्षमेबरोबर त्याला काम मिळालें. आज्ञापालन हें क्षमेचें मोल नव्हे. क्षमा पावलेल्या माणसाचें तें नवें जीवन आहे.

जक्कयाच्या कथेंतहि हाच क्रम दिसतो. तो यरीहो नगरांतील जकातदारांचा प्रमुख होता. प्रभु येशू आधीं त्याच्या घरीं उतरला, आणि त्यानंतर जक्कयानें आपलें अर्धें द्रव्य गोरगरिबांस देण्याचें व फसविलेल्यांस चौपट परत करण्याचें ठरविलें. जो स्वतः होऊन अन्याय कबूल करील त्यानें मूळ रक्कम व वर पांचवा हिस्सा द्यावा, असें मोशेचें नियमशास्त्र सांगतें. मेंढरूं चोरून कापणाऱ्यास किंवा विकणाऱ्यास मात्र चौपट भरपाई होती. जक्कयानें सवलतीचा हिशेब मागितला नाहीं. चोराला लागू होणारा हिशेब त्यानें स्वतःस लावून घेतला. त्याचें मन पालटलें आहे हें लोकांना त्याच्या थैलीवरून कळलें.

परंतु, श्रोतेहो, मन एका दिवसांत वळलें तरी सारें जीवन वळण्यास कधीं कधीं फार काळ लागतो. जॉन न्यूटन हा १७२५ सालीं लंडनमध्यें जन्मलेला इंग्रज खलाशी. १७४८ च्या मार्च महिन्यांत अटलांटिक महासागरांत त्याचें जहाज भयंकर वादळांत सांपडलें. देवाची उघड टवाळी करणाऱ्या या तरुणाच्या तोंडून तेव्हां देवाचा धांवा निघाला. जहाज कसेंबसें आयर्लंडच्या किनाऱ्यास लागलें. तो वादळाचा दिवस न्यूटन पुढें दरवर्षीं कृतज्ञतेनें पाळीत असे. त्यानें शिव्याशाप सोडले, प्रार्थना व शास्त्रवाचन आरंभिलें.

गुलामांचा व्यापार मात्र त्यानें सोडला नाहीं. १७५० ते १७५४ या काळांत गुलामांच्या जहाजांचा कप्तान म्हणून त्यानें तीन सफरी केल्या. रविवारीं तो आपल्या खलाशांसह उपासना चालवी, आणि त्याच जहाजाच्या कोंदट तळांत साखळदंडांनीं जखडलेलीं माणसें पडून असत. त्याला तें काम नकोसें वाटे. पण तें पाप आहे असें तेव्हां त्याला वाटलें नाहीं. कायदा त्या व्यापारास अनुकूल होता आणि प्रतिष्ठित लोक त्यांत पैसा गुंतवीत होते. १७५४ सालीं त्यानें समुद्र सोडला तो आजारपणामुळें. १७६४ सालीं तो धर्मगुरु झाला, आणि देवाच्या कृपेवरील त्याचें प्रसिद्ध गीत १७७९ सालीं छापलें गेलें.

अखेर १७८८ सालीं, वादळाला चाळीस वर्षें झाल्यावर, न्यूटननें आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका प्रसिद्ध केली. तींत त्यानें स्वतःच्या सहभागाची उघड कबुली दिली, आणि ही कबुली फार उशिरा येत आहे हेंहि मान्य केलें. जहाजांवर काय चालतें याची साक्ष त्यानें सरकारी चौकशींत दिली. त्याचा सल्ला घेणारा विल्यम विल्बरफोर्स पार्लमेंटांत ही लढाई लढत होता. १८०७ सालीं हा व्यापार बंद करणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूटन वारला.

हा इतिहास दिलासा देणारा आहे, तसाच भय वाटावें असाहि आहे. उशिरा वळणाऱ्यासहि देव टाकीत नाहीं, हा दिलासा. पण न्यूटनला क्षमा मिळाली म्हणून त्याच्या जहाजांतून नेलेलीं माणसें आपल्या घरीं परतलीं नाहींत. आपल्या विलंबाची किंमत बहुधा दुसरेच देतात. शिव्या देणें हें पाप त्याला तत्काळ दिसलें, कारण तें कोणासहि दिसतें. चरितार्थाच्या धंद्यांतलें, सर्वांनीं चालवून घेतलेलें पाप दिसण्यास चाळीस वर्षें लागलीं.

म्हणून पूर्ण आज्ञापालनाकडे वळूं इच्छिणाऱ्यानें स्वतःस कांहीं साधे प्रश्न विचारावे. माझ्या पापाला मी त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारतों काय? त्यामुळें कोणाची हानि झाली, आणि ती भरून काढणें माझ्या हातीं आहे काय? दुकानाची वही, शेताचा बांध, नोकराचा पगार, भावाशीं धरलेला अबोला यांपैकीं कोणती गोष्ट मी प्रार्थनेच्या बाहेर ठेविली आहे? उत्तर सांपडल्यावर थांबूं नये. ज्याचे पैसे द्यावयाचे त्याच्याकडे त्याच दिवशीं जावें. ज्याच्याशीं बोलणें सोडलें त्याच्याशीं आधीं बोलावें. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तांत बाप मुलाला दूर असतांनाच पाहतो व धांवत जाऊन त्याला भेटतो. पण मुलगा त्या वेळीं घराच्या वाटेवर चालत होता, हें आपण विसरूं नये.