'मला जमत नाही' ही चिठ्ठी कोणत्या डब्यावर लागली आहे?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मन अनुभवांवर चिठ्ठ्या कशा लावतं, याबद्दल बोललो. व्हिडिओत वेळ कमी पडतो, उदाहरणं घाईत उरकावी लागतात. म्हणून तोच विषय इथे जरा सावकाश मांडतो, आकड्यांसकट आणि वहीत करायच्या कामासकट. तेव्हा वही-पेन घेऊनच बसा.

किराणा दुकान आणि आपलं मन

जुन्या किराणा दुकानातले डबे आठवा. सगळे एकसारखे, आणि प्रत्येकावर एक चिठ्ठी. जिरं, मोहरी, धणे. गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकानदार प्रत्येक डबा उघडून वास घेत नाही. चिठ्ठी बघतो, हात घालतो, पुडी बांधतो. रोज प्रत्येक डबा तपासत बसला तर दुकान चालायचंच नाही.

मनाचं काम असंच चालतं. दिवसभरात इतकं काही समोर येतं की प्रत्येक गोष्टीचा पहिल्यापासून विचार करणं शक्यच नसतं. म्हणून मन पटकन ठरवतं, 'हे अमुक प्रकारातलं आहे', आणि त्या डब्यात टाकून मोकळं होतं. ही मनाची खोड नाही, ही त्याची सोय आहे.

अडचण येते ती चिठ्ठी चुकली की. जिऱ्याच्या डब्यावर शहाजिऱ्याची चिठ्ठी लागली तर जिऱ्याचा काही दोष नाही, पण दिवसभर चुकीचाच माल जाणार. आणि दुकानदाराला वाटणार, आपण तर बरोबरच देतोय!

आता हे धंद्याला लावून बघा. गिऱ्हाईक 'नको' म्हणालं. घडलेली गोष्ट एवढीच. पण मनाने ती 'माझा माल चालत नाही' या डब्यात टाकली, तर उद्या तुम्ही माल बनवायलाच कंटाळाल. तीच गोष्ट 'पाकीट मोठं होतं' या डब्यात गेली, तर उद्या छोटं पाकीट बनवाल. घटना एकच. डबा बदलला की पुढचं पाऊल बदलतं. आजचा सगळा मुद्दा हाच आहे.

लाल इस्पिक कोणालाच दिसेना

1949 साली अमेरिकेत जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक मजेदार प्रयोग केला. 28 विद्यार्थ्यांना पत्ते दाखवले, तेही क्षणभरच, आणि विचारलं, 'काय दिसलं?' गंमत अशी, की काही पत्ते मुद्दाम चुकीच्या रंगात होते. म्हणजे इस्पिक लाल आणि बदाम काळा.

नेहमीचा पत्ता ओळखायला सरासरी 28 मिलिसेकंद पुरले. उलट्या रंगाच्या पत्त्याला 114 मिलिसेकंद लागले, म्हणजे चौपट वेळ. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कमी वेळ दाखवलं तेव्हा बऱ्याच जणांनी लाल इस्पिक बघून चक्क 'काळं इस्पिक' किंवा 'बदाम' असं सांगितलं. काहींना तर रंग जांभळट, तपकिरी असा मधलाच काहीतरी दिसला! डोळ्यांसमोर लाल इस्पिक होतं, पण डोक्यात 'लाल इस्पिक' असा डबाच नव्हता. मग मनाने तो पत्ता असलेल्या डब्यात कोंबला.

पण या प्रयोगातली आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. एकदा एखाद्याने असा उलटा पत्ता बरोबर ओळखला, की पुढचे उलटे पत्ते ओळखायला त्याला कमी वेळ लागू लागला. डबा एकदा तयार झाला की दुसरा अनुभव सहज आत जातो. जड असतो तो पहिलाच.

स्वतःच्या नावाचा डबा

मन फक्त वस्तूंवर आणि गिऱ्हाइकांवर चिठ्ठ्या लावत नाही. स्वतःवरही लावतं. 'मला बोलता येत नाही.' 'आमच्या घरात कोणी धंदा केलेला नाही.' 'मराठी माणसाला धंदा जमत नाही.' ही शेवटची चिठ्ठी तर आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

आता एखादा अनुभव या चिठ्ठीच्या विरुद्ध आला तर काय होतं? समजा तुम्ही पहिल्यांदाच अनोळखी दुकानदाराकडे गेलात, आणि त्याने दहा पाकिटं ठेवून घेतली. लगेच आतून आवाज येतो, 'आज नशीब चांगलं होतं.' 'माणूस चांगला होता म्हणून घेतली.' बघितलंत? लाल इस्पिक समोर आलं, आणि आपण त्याला काळं म्हणून मोकळे झालो. 'मला विकता येतं' असा डबाच नाही, म्हणून तो अनुभव 'नशीब' या डब्यात गेला.

म्हणूनच नुसतं 'पॉझिटिव्ह विचार करा' म्हणून काही बदलत नाही. आरशासमोर उभं राहून शंभर वेळा 'मी यशस्वी उद्योजक आहे' म्हटलं, तरी डबा रिकामाच. डबा भरतो तो घडलेल्या, नोंद केलेल्या अनुभवांनी.

तीन प्रश्न

मार्टिन सेलिग्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अपयश आल्यावर माणूस स्वतःला काय कारण देतो, याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्याच्या मांडणीतून आपल्या कामाचे तीन प्रश्न निघतात:

1. हे कायमचं आहे, की या वेळेपुरतं?
2. हे सगळीकडे लागू आहे, की या एका गोष्टीपुरतं?
3. हे फक्त माझ्यामुळे झालं, की दुसरीही कारणं होती?

'मला विकता येत नाही' या वाक्यात तिन्ही गोष्टी वाईट बाजूला आहेत. कायमचं, सगळीकडे आणि माझ्यामुळे. 'या सोसायटीत महिनाअखेरीला स्टॉल लावला, लोकांच्या हातात पैसे नव्हते' यात तिन्ही मोकळ्या आहेत. पुढच्या महिन्यात पहिल्या आठवड्यात स्टॉल लावून बघता येतो.

सेलिग्मन आणि शुलमन यांनी 1986 साली आयुर्विमा विकणाऱ्या एजंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपयशाची कारणं मोकळी ठेवणाऱ्या अर्ध्या गटाने पहिल्या दोन वर्षांत बाकीच्या अर्ध्या गटापेक्षा 37 टक्के जास्त विमा विकला. विमा एजंटला रोज किती 'नको' ऐकावे लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. जो 'नको' योग्य डब्यात टाकतो, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन उचलतो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सगळा दोष बाहेर ढकलणं म्हणजे हे नव्हे. 'लोकांना चांगल्या मालाची किंमतच नाही' हीसुद्धा एक चुकीची चिठ्ठीच आहे. लाडू खरोखर कडक झाले असतील, तर तो अनुभव 'माल सुधारा' याच डब्यात गेला पाहिजे. चिठ्ठी गोड आहे की कडू, हे बघायचं नाही. ती वाचल्यावर पुढचं काम सुचतं का, हे बघायचं.

लोखंडी नांगराला मिळालेला नकार

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. नोकरी सोडून त्यांनी बेळगावला सायकलींचं दुकान चालवलं आणि पुढे शेतीची अवजारं बनवायला घेतली. लोखंडी नांगर बनवला, पण शेतकरी घ्यायला तयार होईनात. का? तर लोखंडाने जमिनीला विष होतं, अशी समजूत होती. म्हणजे शेतकऱ्याच्या मनातही एक डबा होता, आणि नांगर त्यात जाऊन बसला होता.

आता विचार करा. हा नकार कशाला होता? नांगराच्या दर्जाला? भावाला? की लक्ष्मणरावांना? यापैकी कशालाच नाही. नकार समजुतीला होता. 'नांगर वाईट आहे' ही चिठ्ठी लावली असती तर नांगर बंद पडला असता. 'भाव जास्त आहे' ही चिठ्ठी लावून भाव पाडला असता, तरी उपयोग नव्हता, कारण विष स्वस्त झालं म्हणून कोणी घेत नाही! विश्वासाची अडचण असेल तर उपायही विश्वासाचाच लागतो. तो नांगर पुढे महाराष्ट्रभर चालला आणि 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आता वही उघडा: नकाराची नोंद

एका पानावर पाच रकाने आखा: भाव, आकार, विश्वास, गरज नाही, मालातला दोष. पुढच्या स्टॉलला जो कोणी विचारून, न घेता जाईल, त्याने काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहा. आपला अर्थ लावू नका. तो गेल्यावर लगेच लिहा, रात्री आठवून नको. रात्री दमलेलं मन सगळं एकाच डब्यात टाकतं.

समजा तुम्ही थालीपिठाच्या भाजणीचा स्टॉल लावला. 40 जणांनी विचारलं आणि न घेता गेले. संध्याकाळी घरी येताना मन काय म्हणतं? 'चाळीस जणांनी नको म्हटलं. आपल्याला जमत नाही.' आता वही बघा:

- 14 जणांनी विचारलं, 'किती दिवस टिकते? कधीची आहे?' (विश्वास)
- 11 जण म्हणाले, 'अर्धा किलो जास्त होते, छोटं नाही का?' (आकार)
- 9 जण नुसतेच बघत फिरत होते. (गरज नाही)
- 4 जणांना महाग वाटली. (भाव)
- 2 जण चाखून म्हणाले, धणे जास्त झालेत. (मालातला दोष)

कुठे गेले चाळीस नकार? 14 जणांसाठी पाकिटावर तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते आणि एफएसएसएआयचा नंबर ठळक छापायचा. 11 जणांसाठी पावशेराचं पाकीट काढायचं. 9 जण आपले गिऱ्हाईकच नव्हते, त्यांचं दुःख करायचं नाही. भाव चौघांनाच खटकला, म्हणून सगळ्यांसाठी भाव पाडायचा नाही. घाबरून भाव पाडणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक आहे. आणि धण्याचं प्रमाण पुढच्या घाण्याला तपासायचं. चाळीस नकारांतून तीन कामं निघाली, आणि तिन्ही पंधरा दिवसांत होण्यासारखी आहेत.

दुसरं पान: लाल इस्पिक

त्याच वहीत मागच्या पानावर 'लाल इस्पिक' असं लिहा. जेव्हा जेव्हा तुमच्या स्वतःबद्दलच्या चिठ्ठीच्या विरुद्ध काही घडेल, ते तारखेसह इथे उतरवा. 'आज अनोळखी माणसाशी पाच मिनिटं बोललो.' 'उधारी मागितली, मिळाली.' 'गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं.' पुढे 'नशिबाने' हा शब्द लिहायचा नाही. त्या दिवशी तुम्ही काय केलंत, ते लिहायचं. बोललात, फोन केलात, वेळेवर पोचवलंत.

सुरुवातीला पान रिकामं राहील. घाबरू नका, पहिला पत्ता ओळखायलाच वेळ लागतो. पाच-सात नोंदी झाल्या, की मन त्या स्वतःच शोधायला लागेल. तेव्हा 'मला जमत नाही' ही चिठ्ठी ओढून काढावी लागणार नाही, सुटून येईल. कारण डब्यात दुसराच माल भरलेला असेल.

पंधरा दिवस हे करा. मग कमेंटमध्ये मला दोनच गोष्टी सांगा: तुमचे सगळ्यात जास्त नकार कोणत्या रकान्यात गेले, आणि तुमचं पहिलं लाल इस्पिक कोणतं. पुढच्या व्हिडिओत आपण 'विश्वास' या एकाच रकान्यावर बोलू, कारण नव्या धंद्याचे बरेचसे नकार तिथेच जाऊन बसतात.

भेटूया. वही मात्र आजच घाला!