कुरडईचा चीक आणि स्टार्चचे कण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून गाळला की चोथा वेगळा होतो आणि खाली दुधासारखे पाणी उतरते. ते रात्रभर ठेवल्यावर तळाशी घट्ट बसणारा पांढरा थर म्हणजे चीक. उन्हाळ्यात विठ्ठलवाडी-कल्याणच्या गच्च्यांवर वाळणाऱ्या कुरडया याच चिकाच्या. चीक म्हणजे मुख्यतः स्टार्चचे कण. या कणांविषयी काही समज घट्ट रुजलेले आहेत.

गैरसमज १: स्टार्च ही एकजिनसी भुकटी आहे.
वस्तुस्थिती: दाण्यात स्टार्च सुट्या, घडीव कणांच्या रूपात साठतो. गव्हाचे मोठे कण मसुरीसारखे चपटे, साधारण २० ते ३५ मायक्रोमीटरचे असतात. लहान कण गोलसर आणि १० मायक्रोमीटरपेक्षा कमी. तांदळाचे कण बहुकोनी, ३ ते ८ मायक्रोमीटरचे. कणाच्या आत मध्यबिंदूभोवती वलये असतात. वलयांत स्फटिकी आणि अस्फटिकी पदर एकाआड एक येतात. अशा एका जोडीची जाडी सुमारे ९ नॅनोमीटर असते. स्फटिकी पदर स्टार्चच्या अमायलोपेक्टिन या रेणूच्या फांद्या जोडीने पिळून बनतात. स्टार्चचा दुसरा रेणू अमायलोज; त्याच्या साखळ्या बहुतांशी सरळ असून नेहमीच्या धान्यांच्या स्टार्चमध्ये त्यांचा वाटा साधारण चौथा हिस्सा भरतो. या रचनेमुळे ध्रुवित प्रकाशात प्रत्येक कणावर काळी फुली दिसते. आधणात सोडलेला चीक ढवळता ढवळता अर्धपारदर्शक होतो, तेव्हा कण फुगून ही रचना मोडते आणि फुलीही नाहीशी होते.

गैरसमज २: पाणी बदलत राहिले की चिकात प्रथिन उरत नाही.
वस्तुस्थिती: धुतल्याने कणांबाहेरचे बरेचसे प्रथिन जाते, कणांतले जात नाही. अमायलोज तयार करणारे ‘ग्रॅन्यूल-बाउंड स्टार्च सिंथेज’ हे विकर काम करता करता कणातच अडकून पडते. अमायलोपेक्टिन घडवणारी काही विकरेही तशीच आत राहतात. त्यांचे प्रमाण फार थोडे असते आणि कण फुगल्याखेरीज ती सुटत नाहीत.

गैरसमज ३: भात चिकट होतो तो ग्लूटेनमुळे.
वस्तुस्थिती: तांदळात ग्लूटेन नसतेच. अमायलोज जितके कमी, तितका भात सहसा चिकट. अमायलोज तयार करणाऱ्या वरील विकराचे जनुक निकामी झालेल्या पूर्ण चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसते. अशा तांदळावर आयोडीनचा थेंब टाकला तर निळा-काळा रंग न येता तांबूस-तपकिरी येतो. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेला इंद्रायणी मऊ, चिकट शिजतो. त्याचाही ग्लूटेनशी संबंध नाही.

गैरसमज ४: खपली गहू कठीण, कारण त्याचा स्टार्च कठीण.
वस्तुस्थिती: दाण्याचा कठीणपणा कण आणि भोवतालचे प्रथिन किती घट्ट चिकटले आहेत यावर ठरतो. मऊ गव्हात कणाच्या पृष्ठभागावर प्युरोइंडोलिन नावाची प्रथिने असतात. ती ही पकड सैल ठेवतात. त्यांची जनुके गव्हाच्या ‘डी’ गुणसूत्रसंचात आहेत. खपलीत आणि बन्सीसारख्या ड्युरम गव्हात तो संचच नाही. म्हणून त्यांचा दाणा दळताना रवाळ फुटतो आणि रवा-शेवयांना तो चांगला पडतो. कठीण गहू दळताना स्टार्चचे कणही अधिक तडकतात. तडकलेले कण जास्त पाणी शोषतात, म्हणून अशा पिठाला भिजवताना पाणी अधिक लागते.

गैरसमज ५: कुरडई चिकाची, म्हणजे ग्लूटेनमुक्त.
वस्तुस्थिती: ग्लूटेन स्टार्चच्या कणात नसून कणांभोवतीच्या प्रथिनांपासून बनते, एवढे खरे. मात्र घरच्या गाळण्याने ते पुरते निघत नाही. त्याचे अंश चिकाबरोबर तळाशी बसतात. ग्लूटेन न सोसणाऱ्या सिलियाक आजारात एवढे अंशही त्रासदायक ठरू शकतात. अशा रुग्णांनी गव्हाची कुरडई टाळावी. तांदळाची किंवा साबुदाण्याची चालते, मात्र ती करताना गव्हाच्या पिठाची भांडी, चाळणी आणि सोऱ्या वापरू नये.