शेवटच्या आजारात घरची माणसे

कर्करोग बरा होण्याच्या पलीकडे गेला की उपचार संपले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तेव्हा उपचारांचा हेतू बदलतो. वेदना, धाप, मळमळ, जखमा आणि मनाची घालमेल कमी करून उरलेले दिवस सुसह्य करणाऱ्या या उपचारांना उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लंडनमध्ये सिसली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे अखेरच्या आजाराचे शुश्रूषागृह सुरू केले आणि या सेवेला शास्त्रीय पाया मिळाला. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत उभे राहिले. रुग्णाइतकेच त्याच्या कुटुंबालाही सांभाळायचे, हे या सेवेचे मूळ तत्त्व आहे.

तमिळनाडूतल्या कुंभकोणमसारख्या गावात हे तत्त्व विशेष महत्त्वाचे ठरते. कावेरीकाठच्या या देवळांच्या गावातील रुग्णाला मोठ्या उपचारांसाठी तंजावर, तिरुचिरापल्ली किंवा थेट चेन्नई गाठावी लागते. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९५४ साली स्थापन केलेली अड्यारची कर्करोग संस्था चेन्नईतच आहे. तिथले उपचार थांबले की रुग्ण घरी परततो. मग वेळच्या वेळी गोळ्या देणे, जखम धुणे, कूस बदलणे, रात्री उठणे ही सगळी कामे बायको, सून, मुलगी किंवा मुलगा यांच्यावर येतात. तंजावरच्या भोसले राजवटीपासून कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी घरांतही चित्र हेच असते.

यातले बरेच काही शिकवल्यास घरीच जमते. तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी गुणकारी असते. ती वेदना असह्य झाल्यावर नव्हे, तर डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळी, साधारण दर चार तासांनी द्यायची असते. ‘सवय लागेल’ म्हणून पुष्कळ घरांत ती लपवून ठेवली जाते आणि रुग्ण विनाकारण तळमळतो. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. मात्र त्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत रेचक सुरू ठेवावे लागते. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले.

तोंडाच्या कर्करोगात जखमेला येणारी दुर्गंधी कुटुंबाला सर्वांत जड जाते. पाहुणे यायचे थांबतात आणि रुग्णही तोंड फिरवून बसतो. अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात एक चमचा मीठ घालून जखम स्वच्छ करावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड तिच्यावर टाकावी. वास बराच कमी होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली तर शय्याव्रण टळतात. अखेरच्या दिवसांत भूक मंदावते. तेव्हा बळजबरीने भरवण्यापेक्षा ओल्या कापसाने ओठ आणि जीभ ओलसर ठेवणे अधिक सुखाचे असते.

शरीराच्या देखभालीपेक्षा बोलणे अवघड जाते. ‘त्यांना काही सांगू नका’ असे नातेवाईक डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगतात. रुग्णाला बहुतेक वेळा कल्पना आलेली असते. दोन्ही बाजू एकमेकांना जपत गप्प राहतात. देणीघेणी, मुलीचे लग्न, एखाद्या नातलगाची भेट असे मनातले विषय त्यामुळे तसेच राहून जातात. रुग्णाला किती आणि काय ऐकायचे आहे, हे त्यालाच हळुवार विचारून त्याच्या गतीने बोलणे हा यावरचा उपाय आहे, आणि प्रशिक्षित परिचारिका त्यात मदत करू शकते.

अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्याची झोप मोडते, रोजगार बुडतो, स्वतःचा मधुमेह किंवा रक्तदाब दुर्लक्षित राहतो. हा भार बहुधा घरातल्या बाईवर पडतो आणि ‘थकले’ म्हणण्याचीही तिला लाज वाटते. रात्रीच्या पाळ्या वाटून घेणे, आठवड्यातून काही तास दुसऱ्या कुणी रुग्णापाशी बसणे आणि तिचीही तपासणी होणे, हे शुश्रूषेचेच भाग आहेत. शेजारच्या केरळात गावपातळीवरच्या स्वयंसेवकांनी हा भार वाटून घेण्याची पद्धत रुजवली. तमिळनाडू सरकारने ५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ ही घरपोच आरोग्यसेवा सुरू केली. रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांबरोबरच उपशामक सेवा आणि फिजिओथेरपीही तीत येतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी परिचारिका जाते. तिने रुग्णाला पाहून झाल्यावर सांभाळणाऱ्यालाही ‘झोप लागते का, जेवता का’ असे विचारले, तर त्या भेटीचे मोल दुप्पट होते.

मृत्यूनंतरही उपशामक सेवा थांबत नाही. ‘आणखी काही करायला हवे होते’ ही बोच मागे राहिलेल्यांना बरेच दिवस छळते. ज्यांना कामे नीट शिकवलेली असतात आणि अडचणीत कुणाला विचारायचे हे ठाऊक असते, त्यांना ती बोच पेलणे सोपे जाते. म्हणून घरच्या माणसाला शिकवणे आणि सावरणे हेही उपचारच मानले पाहिजेत.