घर उतरवून नेता येते!

इंग्लंडच्या केंट परगण्यात चिडिंगस्टोन गावाजवळ एक जुने शेतघर होते. नाव बे-लीफ. पंधराव्या शतकाच्या आरंभीचे हे घर बाऊ बीच जलाशयात बुडणार हे ठरले. योगायोग असा की, १९६७ साली रॉय आर्मस्ट्राँग या गृहस्थांनी जुन्या ग्रामीण इमारतींसाठी खुल्या संग्रहालयाची खटपट आरंभली होती. पाणी कंपनीने घर त्यांना देऊन टाकले. १९६८-६९ मध्ये ते उतरवले गेले आणि ससेक्समधील सिंगलटन येथे, वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात, पुन्हा उभे राहिले.

हे जमले कसे? घराचा सांगाडा ओकच्या लाकडाचा. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. तिकडचे जुने सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहात, जोडांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत आणि मग तो सुटा करून जागेवर उभारीत. संग्रहालयाने तेच उलट्या क्रमाने केले. प्रथम मापे व नकाशे, मग प्रत्येक लाकडाला क्रमांक, मग खुंट्या काढणे. कुजलेला भाग तेवढा कापून तेथे नवे लाकूड सांधायचे. कुडाच्या भिंती मात्र नेता येत नाहीत. त्या नव्यानेच लिंपाव्या लागतात.

माझ्या आजोबांचे गावही धरणात गेले. तुळया, खांब, चौकटी त्यांनी बैलगाडीतून नव्या गावठाणात आणल्या. पण क्रमांक कोण घालणार? ओसरीचा खांब कोणता, माजघराचा कोणता, हे एकट्या आजोबांच्या ध्यानात. निम्म्या तुळया गोठ्याला लागल्या. देवघराची चौकट आज आमच्या न्हाणीला आहे. एक टेप आणि एक वही एवढ्यावर काम भागले असते.

तरीही सिंगलटनच्या घराविषयी एक शंका मनात राहते. त्याच्या शेजारचे धान्याचे कोठार काउफोल्ड या वेगळ्याच गावाहून आणलेले. आतले सामान १५४० च्या सुमाराच्या नमुन्यावर नव्याने घडवलेले. म्हणजे घर खरे, शेजार जमवलेला. आमच्या नव्या गावठाणातही शेजार चिठ्ठ्या टाकूनच ठरला होता, असे आजी सांगते.

आजोबांना जुन्या घराचा खण न् खण आठवतो. दिवाळीच्या सुटीत तो नकाशा कागदावर उतरवायचे मी योजले आहे. टेप भूगोलाच्या सरांनी देऊ केली आहे.