अंगुलिमालाने आधी शस्त्र टाकले होते!

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यात अठ्ठावन्न वर्षांचा माईक टायसन पुन्हा एकदा बॉक्सिंगच्या रिंगणात उतरला. समोर सत्तावीस वर्षांचा जेक पॉल होता. टायसन हरला, पण जगभर कोट्यवधी लोकांनी ती लढत पाहिली. आमच्या वस्तीतल्या व्यायामशाळेतही पोरांनी ती मोबाईलवर पाहिली. या व्यायामशाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि दारामागे टायसनचे जुने पोस्टर आहे. तिथे कराटे शिकायला येणाऱ्या एका मुलीने सहज विचारले, "काका, हा जेलमध्ये कशासाठी गेला होता?" पोरे म्हणाली, "कुणाला तरी मारलं असेल." आम्ही गप्प बसलो. चार पोरांसमोर तो शब्द उच्चारायला आम्हांला संकोच वाटला. घरी आल्यावर त्या संकोचाचीच लाज वाटली. तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज येथे लिहीत आहोत.

काय घडले होते?

टायसनचा जन्म १९६६ सालचा, न्यूयॉर्कमधल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतला. लहानपणी चोऱ्यामाऱ्या, पोलीस, सुधारगृह हे सगळे त्याच्या वाट्याला आले. कस दमाटो नावाच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने त्याला उचलले, आपल्या घरी ठेवले, घडवले. १९८६ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, तो हेवीवेट गटातला जगातला सर्वांत तरुण विजेता ठरला. दलित वस्तीतल्या पोरांना तो आपला का वाटला, हे यावरून समजते. खालून वर आलेला माणूस आपल्याला जवळचा वाटतोच.

पण १९९१ च्या जुलै महिन्यात इंडियानापोलिस शहरात, एका स्पर्धेसाठी आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीवर त्याने बलात्कार केला. १९९२ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. सहा वर्षांची कैद झाली. अपीलही फेटाळले गेले. गुन्हा आपण केलाच नाही, असे तो नंतरही म्हणत राहिला. तीन वर्षांनी, २५ मार्च १९९५ रोजी, तो सुटला. पाच महिनेही झाले नव्हते, तोच लास व्हेगासमध्ये तो पुन्हा लढला. लढत ८९ सेकंदांत संपली आणि तिच्यासाठी त्याला सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाल्याचे त्या वेळी छापून आले. पुढच्याच वर्षी तो पुन्हा जगज्जेता झाला.

आता पुढचा भाग नीट वाचा. १९९७ साली लढत चालू असताना टायसनने होलिफिल्डच्या कानाचा चावा घेतला. काही दिवसांतच नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने त्याचा परवाना रद्द केला, तीस लाख डॉलर दंड ठोठावला, आणि वर्षभराहून अधिक काळ त्याला खेळू दिले नाही. म्हणजे एका पुरुषाच्या कानासाठी खेळाचे दार बंद झाले. एका मुलीच्या अब्रूसाठी आणि आयुष्यासाठी मात्र न्यायालयाने दिली तेवढीच शिक्षा. खेळाने आपल्या बाजूने काहीच मागितले नाही. दार उघडेच होते, कारण त्या दारावर तिकिटे विकली जात होती.

भाकरी वेगळी, हार वेगळा

मग शिक्षा भोगलेल्या माणसाने पुन्हा खेळूच नये काय? या प्रश्नाला घाईने उत्तर देण्याचा अधिकार आपल्या समाजाला तरी नाही. १८७१ च्या कायद्याने या देशात जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेल्या. तो कायदा १९५२ साली गेला, तरी पोलिसांच्या मनातला शिक्का अजून पुसला गेलेला नाही. आपल्या वस्तीतल्या पोराचे नाव बंदच्या किंवा मोर्चाच्या केसमध्ये आले, तर शिक्षा होण्याआधीच चारित्र्य पडताळणीत त्याची नोकरी अडकते. ज्यांनी शिक्क्याचे चटके सोसले, त्यांनी दुसऱ्याच्या कपाळावर जन्मभराचा शिक्का मारताना दहा वेळा विचार करावा.

न्यायालयही चुकू शकते. वेल्सचा फुटबॉलपटू चेड इव्हान्स याला २०१२ साली बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. २०१४ साली तो सुटला तेव्हा त्याला जुन्या क्लबने परत घेऊ नये म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. २०१६ साली ती शिक्षा रद्द झाली आणि फेरखटल्यात तो निर्दोष सुटला.

म्हणून आमचे म्हणणे असे की, शिक्षा भोगून आलेल्या माणसाला कामधंदा करून पोट भरण्याचा हक्क आहे. तो कुणी काढून घेऊ नये. पण क्रीडांगणावरचा झगमगाट ही केवळ भाकरी नाही. तिथे टाळ्या आहेत, पोस्टरे आहेत, लहान मुलांचे अनुकरण आहे. भाकरी हक्काची असते, हार हक्काचा नसतो. हार समाज देतो, आणि देताना समाजाने काही विचारले पाहिजे.

तथागतांचा मार्ग

काय विचारायचे, हे आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले गेले आहे. अंगुलिमालाची गोष्ट आपल्या घराघरांत माहीत आहे. बाबासाहेबांनीही ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर. तथागतांनी त्याला संघात घेतले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सांगायचे आपण विसरतो.

अंगुलिमालाने आधी शस्त्र टाकले. आपण काय केले, हे कबूल केले. भिक्खू झाल्यावर तो श्रावस्तीत भिक्षेला गेला, तेव्हा कुणी ढेकूळ मारले, कुणी काठी मारली. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. तो रक्ताळलेला परत आला तेव्हा तथागतांनी त्याला सांगितले, सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. लोकांना बोल लावला नाही. आणि पुढे विनयात नियमही झाला की, असा कुख्यात दरोडेखोर संघात घेऊ नये. म्हणजे करुणा होती, पण लोकांच्या भीतीची आणि दुःखाची दखलही होती.

ही कसोटी आजही लावता येते. अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू मायकेल व्हिक २००७ साली कुत्र्यांच्या झुंजी लावण्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. त्याने गुन्हा कबूल केला, तेवीस महिन्यांची शिक्षा भोगली, २००९ साली खेळात परतला, आणि प्राणिरक्षक संस्थेबरोबर फिरून मुलांना सांगत राहिला की मी केले ते करू नका. हा मार्ग अंगुलिमालाच्या जवळचा आहे. गुन्हा नाकारायचा आणि पाच महिन्यांत कोट्यवधी डॉलर घेऊन रिंगणात उतरायचे, हा नव्हे.

आपला माणूस, आपली लेक

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी लिहितो. ज्या मुलीवर टायसनने बलात्कार केला, तीही कृष्णवर्णीयच होती. १९९५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत टायसनच्या जंगी स्वागताचा बेत काही पुढाऱ्यांनी आखला. 'गोऱ्यांच्या न्यायालयाने आपल्या माणसाला अडकवले' अशी अनेकांची भावना होती. तेव्हा विरोधाला उभ्या राहिल्या त्याच समाजातल्या बाया, आणि त्यांच्याबरोबर काही पुरुषही. त्यांचे म्हणणे सरळ होते : तो आपला, तर ती कुणाची? ठरलेली मिरवणूक अखेर बारगळली आणि आटोपशीर कार्यक्रमावर भागवावे लागले.

१९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीवरून घेतले. तेव्हा हार्लेमच्या बायांचा हा धडाही आपण घ्यायला हवा. गुजरातमधील बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा जन्मठेपेच्या कैद्यांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले गेले आणि त्यांना हार घातले गेले, पेढे भरवले गेले, तेव्हा आपण संतापलो. तो संताप योग्यच होता. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. पण तोच हार उद्या आपल्या जयंतीच्या व्यासपीठावर, आपल्याच एखाद्या नामवंत कबड्डीपटूला घालायची वेळ आली तर? "दुसऱ्यांचे सुटतात, मग आपल्यालाच का विचारता?" असे कुणी म्हणेल. कायदा सर्वांना सारखा लागत नाही, हे खरेच आहे. त्याविरुद्ध आपण लढतोच. पण त्याचे मोल आपल्या लेकीने का मोजावे?

व्यायामशाळेतल्या पोरांना पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही ही हकीकत सांगितली, शब्द न टाळता. ती मुलगीही होती. टायसनचा ठोसा, त्याची मेहनत, त्याचे हलाखीचे बालपण, सगळे सांगितले, आणि ती रात्रही सांगितली. पोस्टरचे काय करायचे, हे आम्ही त्यांच्यावर सोपवले. दोन दिवसांनी गेलो तेव्हा दारामागची जागा मोकळी होती. कुणी काढले, ते आम्ही विचारले नाही.

मातापित्यांनो, आपल्या घरातल्या भिंतीवर कुणाचे चित्र आहे ते एकदा पाहा आणि त्या माणसाची पूर्ण गोष्ट मुलांना सांगा. अर्धी सांगू नका.

जयभीम!